सही करणारांची शाळा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भंडाऱ्याच्या बाजारातून रमतगमत हिंडावे, हा माझा जुना नाद आहे. पितळी भांड्यांच्या व्यापारासाठी आमचे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. त्या संध्याकाळी घासूनपुसून मांडलेल्या गुंड्या आणि परातींवर दिव्यांचा जो उजेड पडतो, तो पाहायला पैसे पडत नाहीत. आणि शिक्षकाच्या खिशाला परवडणारी करमणूक तीच. गेल्या दिवाळीला असाच एका ओळखीच्या दुकानात टेकलो होतो. पाटावर लाल कापडाची नवी चोपडी, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, वर 'शुभ' आणि 'लाभ'. शेजारच्या पाटावर लॅपटॉप! त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. अक्षता त्याच्या फटीत जाऊ नयेत म्हणून शेटजींचा नातू हात आडवा धरून बसलेला.

शेटजी मला म्हणाले, "गुरुजी, वहीत काय आहे ते मला ठाऊक असते. ह्यात काय आहे ते ह्या पोराला ठाऊक."

पोरगा हसून म्हणाला, "आजोबा, मला तरी सगळे कुठे ठाऊक आहे?"

सारे हसले, मीही हसलो. परंतु पेढा हातात घेऊन घरी येईपर्यंत ते वाक्य काही मनातून जाईना. त्याला कारण होते. त्याच पावसाळ्यात, रोवणीच्या ऐन दिवसांत, घडलेली एक गोष्ट माझ्या मनात ठसठसत होती. ती आधी सांगतो; मग इतिहासाकडे वळू.

आमच्या गावात एक बाई आहेत. नाव सांगत नाही, कारण त्यांना ते आवडायचे नाही. यजमान वारल्यापासून अडीच एकर धानाची शेती एकटीने करतात. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. पऱ्हे तयार होते, बांध्यांत पाणी साचले होते, मजूर आजचे उद्यावर थांबत नाहीत. अशा वेळी त्यांनी कर्जासाठी अर्ज केला आणि तो नामंजूर होऊन आला. बाई माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "नाही म्हंते तं नाही म्हणू दे जी गुरुजी. पण काहून नाही म्हंते, तेवढं तरी इचारून पाहा."

'काहून' हा आमच्या विदर्भाचा शब्द. पुण्याकडे 'का' म्हणतात, आम्ही 'काहून' म्हणतो. पुण्याचा 'का' एका अक्षरात आटोपतो. आमच्या 'काहून'ला उत्तर मिळेपर्यंत दारात बसून राहायची सवय आहे.

मी विचारायला गेलो. संस्थेचे नाव येथे देण्याचे कारण नाही. अशा संस्था आता पुष्कळ आहेत. तेथील साहेब मोठ्या हुद्द्याचे, वयाने माझ्याएवढेच, बोलायला अत्यंत सभ्य. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. बाईंच्या नावापुढे एक लाल ठिपका होता. मी म्हटले, "हा लाल काहून?" ते म्हणाले, "गुरुजी, खरे सांगू? वरून उत्तर येते ते एवढेच. हिरवे आले की मी सही करतो, लाल आले की करीत नाही. कशाने लाल झाले ते मला दिसत नाही." मग जरा थांबून ते हळूच म्हणाले, "ते आम्हांला कोणी शिकवलेलेच नाही."

मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. कादंबरीकाराला अशा प्रसंगी एक खलनायक लागतो. येथे मी चहूकडे शोधला, एकही सापडला नाही. समोर बसलेला गृहस्थ भला होता. तो सही करीत होता आणि कशावर सही करतो हे त्याला ठाऊक नव्हते, एवढाच काय तो दोष. आणि हा दोष त्याचा एकट्याचा नव्हे, हे मला जुनी पुस्तके उघडल्यावर कळले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. अर्थशास्त्रातले मला कळते असे मी म्हणणार नाही. पण इतिहास वाचायला पदवी लागत नाही, आणि हिशेब तपासणारांचा इतिहास आम्हां मराठी माणसांच्या आडनावांतच लिहिलेला आहे.

फडणीस, मुजुमदार, पोतनीस, पोतदार, चिटणीस, दफ्तरदार: ही आडनावे आज लग्नपत्रिकांवर दिसतात. एके काळी ती कामे होती. पेशवाईत महालाचा कारभार मामलेदाराकडे असे, परंतु त्याच्या कचेरीत बसणारे हे जे दरखदार, ते त्याचे चाकर नसत. त्यांची नेमणूक वरून व्हायची. मामलेदाराला त्यांना काढून टाकण्याचा अधिकार नव्हता. मामलेदाराने हुकूम काढला, तरी कागद मुजुमदाराच्या नजरेखालून गेल्यावाचून आणि फडणिसाने त्यावर तारीख घातल्यावाचून तो पुरा होत नसे. पोतदार नाणे पारखी. वर्षाच्या आरंभी सरकारातून खर्चाचा बेहडा ठरून येई आणि वर्षअखेर त्याच्याशी हिशेब ताडून पाहिला जाई. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेवर लिहिताना आणि सुरेंद्रनाथ सेनांनी १९२३ साली मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा आपला ग्रंथ लिहिताना ह्या व्यवस्थेची दखल घेतली, ती उगीच नव्हे.

ह्यात मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की दरखदाराला नुसता शिक्का दिलेला नसे. त्याला आधी विद्या यावी लागे. हेमाद्रीपंताच्या नावावर सांगितली जाणारी 'मेस्तके' म्हणजे कारकुनांसाठी लिहिलेल्या पोथ्या. कागद कसा लिहावा, हिशेब कसा मांडावा, कोणत्या कामी काय पाहावे, हे त्यांत सांगितलेले. मुलगा वयात आला की बापाच्या किंवा मामाच्या मागोमाग फडावर जाऊन बसे, आधी बोरू घासे, मग नकला करी, मग बेरजा ताडी. वर्षानुवर्षे असे घासल्यावर त्याच्या हाती सहीची लेखणी यायची. आमच्या नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातही हीच पदे होती. नागपूरचे चिटणवीस घराणे त्याची साक्ष आहे. भंडारा हा त्याच राज्याचा भाग. तिसऱ्या रघुजीच्या मृत्यूनंतर १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, तेव्हा ह्या कामांची आडनावे झाली.

पण ती व्यवस्था इंग्रजांनी मोडली असे म्हणून हात झटकता येत नाहीत. ती त्याआधीच पोखरली होती. दुसऱ्या बाजीरावाने मामलती इजाऱ्याने द्यायला आरंभ केला. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला महाल. मक्तेदाराने रक्कम भरली की झाले. ती कोणाकडून, कशी आणि कोणाचा बैल सोडवून वसूल केली, हे विचारायचे सरकारला कारणच उरले नाही. हिशेबाचे कागद होते, पण जाब विचारणारा माणूस नव्हता.

इजाऱ्याचा हा भाग वाचताना मला ते लाल ठिपक्याचे साहेब आठवले. त्यांच्या संस्थेने ते यंत्र स्वतः बनवलेले नव्हते. दूरच्या कुठल्या कंपनीकडून ते भाड्याने घेतले होते. म्हणजे मामलत मक्त्याने दिलेली! रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याविषयी जे निदेश काढले, त्यांत काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर देता येत नाही, असे बजावले आहे. फार चांगले केले. परंतु जबाबदारी अंगावर ठेवायची तर ती उचलण्याची ताकदही अंगात हवी, आणि ती शिकल्यावाचून येत नाही.

असो. इंग्रजी अमलात सावकार आणि मालगुजार हेच आमच्याकडे पतपुरवठ्याचे मालक होते. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९१२ साली तो विस्तारला, आणि मध्यप्रांतातही पेढ्या निघू लागल्या. हा भाग मी लांबवीत नाही. पण एका माणसाचे नाव येथे घेतलेच पाहिजे. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख आय. सी. एस. होऊन आले ते आमच्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात, आणि सरकारी नोकरीची ऐन उमेदीची वर्षे त्यांनी ह्याच प्रांतात काढली. तेच पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री.

ते अर्थमंत्री असतानाच्या काळात, बँकांच्या वरिष्ठांनाही शाळा हवी, हा विचार आपल्याकडे रुजलेला दिसतो. १९५३ साली सरकार आणि रिझर्व्ह बँक ह्यांनी मिळून सहकारी शिक्षणासाठी एक मध्यवर्ती समिती नेमली. १९५४ साली रिझर्व्ह बँकेने मुंबईत बँकर्स ट्रेनिंग कॉलेज काढले. त्याच वर्षी ग्रामीण पतपाहणीचा तो मोठा अहवाल आला. पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष गोरवाला, आणि सभासदांत आपले धनंजयराव गाडगीळ. खेड्यातल्या शेतकऱ्याला लागणाऱ्या कर्जातले तीन-साडेतीन टक्केच सहकारी संस्था पुरवतात, बाकीचा बराचसा भार सावकारावर, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. नुसता पैसा ओतून भागणार नाही, माणसे तयार करावी लागतील, हेही त्यातून उघड झाले.

मग १९६९ साल उजाडले. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी बँक व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था निघाली. ती आज पुण्यास आहे. त्याच वर्षी पुण्यातच रिझर्व्ह बँकेचे सहकारी बँकांसाठीचे महाविद्यालय सुरू झाले, ज्याचे पुढे शेतकी बँकिंगचे महाविद्यालय झाले. मोठमोठे साहेब तेथे वर्गात बसू लागले. पन्नाशीच्या माणसाने पुन्हा बाकावर बसायचे, ही कल्पना मला शिक्षक म्हणून फार गोड वाटते.

ह्या शाळांत त्या वेळी काय शिकवीत? शेतकऱ्याचे पीक बघून कर्ज कसे ठरवावे, तारण नसेल तर पीक हेच तारण कसे मानावे, ताळेबंदातला खोटा नफा कसा ओळखावा. म्हणजे 'काहून' विचारायला शिकवीत.

नंतर यंत्रे आली. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन ह्यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आणि दुसऱ्या समितीने १९८९ साली संगणकीकरणाचा आराखडा दिला. शाखाशाखांतून खतावणीची यंत्रे बसली. कामगार संघटनांनी कसून भांडण केले, आणि ते समजण्यासारखे होते. प्रश्न पोटाचा होता. त्या भांडणातून करार झाले आणि कारकुनांचे शिक्षण झाले. ज्या बोटांनी जाडजूड खतावण्या उलटल्या ती बोटे कळा दाबू लागली. परंतु वरच्या खोलीतल्या साहेबांचे काय? त्यांच्यासमोर पूर्वी हाताने लिहिलेला तक्ता येई, आता छापलेला येऊ लागला. छापलेल्या अक्षराबद्दल आपल्याला वाजवीपेक्षा जास्त आदर आहे. मी तर छापील कादंबऱ्यांचा लेखक, मला तो हवाच असतो! पण आकड्यांच्या बाबतीत हा आदर महागात पडतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. १९०६ साली निघालेली, नावाजलेली सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये ११ तारखेच्या शनिवारी आणि १३ तारखेच्या सोमवारी तिच्यावर दरोडा पडला, आणि त्यात कोणी दार फोडले नाही. ग्राहकाने कार्ड घातले म्हणजे 'पैसे देऊ का?' असा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो आणि उत्तर परत येते. चोरांनी मधल्या वाटेवर आपला एक बनावट द्वारपाल बसवला. तो प्रश्न आत जाऊच देईना, स्वतःच 'हो' म्हणे. अठ्ठावीस देशांतल्या यंत्रांतून पैसे निघाले, आणखी काही कोटी हाँगकाँगला गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. तेथे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. तरीही धडा तोच आहे: 'हो' म्हणणारा कोण आहे, हे पाहणारे कोणी हवे.

दुसरे उदाहरण परदेशातले, पण ते ऐकून माझ्या वर्गातली सातवीची मुले पोट धरून हसली होती. २०१२ साली जेपी मॉर्गन ह्या बलाढ्य अमेरिकन बँकेच्या लंडनच्या कचेरीत सट्टेवजा व्यवहारांत सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. धोका मोजण्यासाठी त्यांनी जे गणित संगणकावर मांडले होते, त्यात दोन दरांमधल्या फरकाला त्यांच्या सरासरीने भागायचे होते. भागले होते बेरजेने! त्यामुळे धोका होता त्याहून लहान दिसे. बँकेनेच पुढे ही चूक अहवालात कबूल केली. बेरीज आणि सरासरी ह्यांतला घोटाळा केला तर मी मुलांचे दोन गुण कापतो. तेथे एकाहून एक विद्वान बसले होते. उत्तर सोयीचे होते, म्हणून रीत कोणी नीट तपासली नाही.

आणि आता ही नवी बुद्धिमत्ता. तिचे गणित तर कोणी ओळीने मांडलेलेच नसते. मला ते जसे समजले तसे सांगतो. एखादा मुलगा धडा वाचीत नाही, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरे पाठ करतो. त्यांत साम्य शोधतो आणि पेपर सोडवतो. पुष्कळदा पहिलाही येतो. कर्ज ठरवणारे यंत्र असेच जुनी लाखो कर्जे वाचते. कोणी फेडले, कोणी बुडवले, त्यांच्यात काय सारखे होते, हे आपल्या आपण हुडकते आणि नव्या अर्जाला गुण देते. ह्यात वाईट काहीच नाही. साहेबाचा मेहुणा म्हणून कर्ज आणि विरोधी पार्टीचा म्हणून नकार, असले जुने धंदे यंत्र करीत नाही. हा त्याचा गुण मी मोकळेपणाने मानतो. पण ज्या वहीत विधवेला, कुळाने शेती करणाऱ्याला, कोशाच्या विणकराला कधी कर्जच दिलेले नाही, त्या वहीवरून शिकलेले यंत्र त्यांना काय म्हणून ओळखणार? आणि प्रश्नपत्रिकेचा नमुना बदलला की पाठांतराचा मुलगा जसा गडबडतो, तसे पावसाचे मान बदलले, धानाचा भाव पडला, की यंत्रही गडबडते. फरक एवढाच की मुलाच्या चेहऱ्यावर ते दिसते.

हे धोके मी एकटाच पाहतो आहे असे नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अशा गणितांविषयी एक मसुदा काढला. गणित बनवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असावा, संचालक मंडळाने धोरण ठरवावे, हे त्याचे सार. वाचताना मला मुजुमदार आणि फडणीस समोर दिसू लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुंबईच्या आय. आय. टी.चे पुष्पक भट्टाचार्य. ह्या गृहस्थांचे नाव मराठी माणसाने लक्षात ठेवावे असे आहे, कारण मराठी शब्दांच्या अर्थांचे परस्परसंबंध गुंफणारे संगणकीय शब्दजाल त्यांच्या विभागात तयार झाले. समितीचा अहवाल १३ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. सात सूत्रे, सव्वीस शिफारशी. एक सूत्र जबाबदारीचे, एक न्यायाचे, आणि एक असे की यंत्र मुळातच समजण्याजोगे घडवावे. आणखी एक सूत्र संयमापेक्षा नव्या शोधांना अधिक मान द्यावा असे म्हणते. ते मला पचायला जड गेले. पूर असताना नाव हाकणारा आणि काठावर उभा राहून टाळ्या वाजवणारा ह्यांची मते अशा बाबतीत वेगळी असतात.

त्या अहवालातले आकडे बोलके आहेत. ६१२ संस्थांची पाहणी केली, त्यांपैकी १२७ अशी यंत्रे वापरीत होत्या किंवा तयार करीत होत्या. म्हणजे पाचांतली एक. पण संचालक मंडळाच्या पातळीवर देखरेखीची काही तरी चौकट आहे असे सांगणाऱ्या संस्था सुमारे एकतृतीयांश, आणि त्याही बहुतेक मोठ्या बँका. म्हणूनच समितीने सांगितले की नुसत्या खालच्या नोकरांना नव्हे, तर संचालक आणि सर्वांत वरचे अधिकारी ह्यांनाही हे शिक्षण द्यावे, आणि ते एकदा उरकून न टाकता चालू ठेवावे.

हे वाचून मला आनंद झाला आणि लाजही वाटली. लाज अशासाठी की मीही सही करणारांपैकीच आहे. गावच्या सेवा सहकारी संस्थेचा मी संचालक. केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक सहकारी संस्थांना संगणक देण्याची योजना मंजूर केली, आरंभी ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये. त्या लाटेत आमच्याकडेही संगणक आला. गटसचिवाला तीन दिवस शिकवले. आम्हां संचालकांना एका दुपारी एकत्र बोलावले, पिशवी दिली, चहा दिला, पडद्यावर चित्रे दाखवली आणि हजेरीपटावर सही घेतली. मी वळणदार सही केली. काय शिकलो, हे कोणी विचारले नाही; मीही कोणाला विचारले नाही. लाल ठिपक्याच्या साहेबांना मनात दोष देत होतो, आणि स्वतः त्यांच्याच बाकावर बसलो होतो.

मला अशी शाळा काढायला सांगितली तर मी काय शिकवीन, ह्याचा विचार मी पुष्कळ केला. साहेबांना यंत्र बनवायला शिकवण्याची गरज नाही. तळे बांधणारा कोहळी वेगळा आणि पाणी सोडणारा वेगळा, हे आमच्या तलावांच्या जिल्ह्यात कोणालाही सांगावे लागत नाही. पण पाळीवर उभ्या राहणाऱ्याला सांडवा कोठे आहे आणि पाणी किती चढले म्हणजे धोका, हे माहीत असावेच लागते. यंत्र कोणत्या वह्या वाचून शिकले. त्या वह्यांत कोण नव्हते. ते चुकले तर प्रथम कोणाच्या लक्षात येईल आणि ते बंद करण्याचा अधिकार कोणाला. आणि बंद केले तर दुसऱ्या दिवशी हाताने काम चालवू शकणारे माणूस शिल्लक आहे काय? एवढे प्रश्न विचारण्याइतका धीर वरिष्ठाला आला तरी माझी शाळा पावली. धीर असेच म्हणतो, कारण चारचौघांत 'मला हे कळले नाही' असे म्हणणे मोठ्या पगाराच्या माणसाला सगळ्यांत कठीण जाते. सातवीच्या वर्गातही जो मुलगा पहिला येतो तोच शंका विचारायला लाजतो. म्हणून परीक्षा घ्यायची ती अशी: एक नामंजूर अर्ज समोर ठेवावा आणि अर्जदाराला समजेल अशा मराठीत, पाच ओळींत, नकाराचे कारण लिहायला सांगावे. 'निकषांत बसत नाही' असे लिहील त्याला शून्य.

ही काही माझ्या पदरची कल्पना नव्हे. लहान कर्जाचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच सावकारी करणाऱ्या बँकांना सांगून ठेवले आहे.

त्याच आधाराने मी बाईंसाठी अर्ज लिहिला. पहिले उत्तर आले, त्यात 'निकष' हाच शब्द होता. दुसरा अर्ज लिहिला. मग त्या सभ्य साहेबांनाच चीड आली असावी. त्यांनी वर लिहिले, वरच्याने त्याच्या वर लिहिले, आणि शेवटी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीतल्या कोणा पोरसवदा इंजिनियराने दोन दिवस बसून शोधले. बाईंचे नाव एका कागदावर इंग्रजीत एका तऱ्हेने, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते. त्या दुसऱ्या तऱ्हेच्या नावाची, ह्याच तालुक्यातली, एक थकबाकीदार बाई निघाली. यंत्राने दोघींची एक करून टाकली होती. आमच्याकडे एका नावाच्या चार-चार बाया गावोगाव आहेत. नवऱ्याच्या नावाने, घराच्या खुणेने आम्ही त्या ओळखतो. यंत्राला घराची खूण कोणी सांगितलीच नव्हती.

साहेब स्वतः फोनवर बोलले. म्हणाले, "गुरुजी, आता कोठे मला कळले की काय पाहायचे. असे आणखी किती असतील हो?" मी काय सांगणार?

कर्ज मंजूर झाल्याचा कागद गणपतीच्या सुमारास आला. तोवर रोवणी होऊन गेली होती. बाईंनी सावकाराकडून महिना शेकडा पाच रुपयांनी पैसे उचलले होते आणि पऱ्हे जून होऊ दिले नव्हते. कागद घेऊन मी त्यांच्या बांधीवर गेलो तेव्हा धान पोटरीला आले होते. धुऱ्यावर उभ्या राहून त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, कागदाची घडी घालून कनवटीला खोचली, आणि विचारले, "मंग ते दुसरी बाई कोन होय जी? तिले तं सांगतलं का कोनी?"